खालची फळी

अरांका मिर्गोवा ही स्लोवाकियातल्या एका गावच्या शाळेत मदतनीस बाई होती. शिक्षिका नव्हे. शिक्षिकेच्या बाजूला बसायचं, ती स्लोवाकीत जे बोलेल ते पोरांना रोमा बोलीत समजावून द्यायचं, आणि पोरं जे बोलतील ते उलट शिक्षिकेला सांगायचं, एवढं तिचं काम. नेमणूक वर्षावर्षाची. दर जूनमध्ये मुख्याध्यापिका कोवालचिकोवाबाई तिला बोलावत, कागद पुढे सरकवत आणि ती सही करी. अकरा वर्षं असं चाललं होतं.

शाळेच्या इमारती दोन. वरची पिवळी, दगडी पायऱ्यांची, चर्चच्या शेजारी. खालची म्हणजे ओढ्याकाठी ओळीने मांडलेले सहा पत्र्याचे कंटेनर. वरच्या इमारतीत गावातली मुलं जात आणि खालच्या इमारतीत वस्तीवरची, म्हणजे रोमांची. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. विचारलं तर उत्तर मिळे, "वस्तीपासून खालची जवळ पडते ना." पडत होती खरी. वस्ती ओढ्यापलीकडेच होती.

दोन वर्षांपूर्वी वरच्या इमारतीत 'कल्पकता कक्ष' उघडला. प्लास्टिकच्या वस्तू छापणारं यंत्र, चाकं लावलेल्या खुर्च्या, भिंतीला टांगलेली हत्यारं, सगळं युरोपच्या मदतीतून आलेलं. त्या मदतीच्या अर्जाला वस्तीवरच्या मुलांचे फोटो जोडले होते आणि ते अरांकानेच काढून दिले होते. वेळापत्रकात खालच्या इमारतीला गुरुवारचा एक तास दिला होता. पहिल्या गुरुवारी दोन पोरांच्या डोक्यात उवा निघाल्या म्हणून तास रद्द. दुसऱ्या गुरुवारी चिखल होता, पोरांचे बूट बघून शिपायाने दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या गुरुवारी किल्ली कुणाकडे आहे तेच कळेना. चौथ्या गुरुवारी कुणी विचारलंच नाही.

मग अरांकाने सरपंचाकडून दूध संकलनाची जुनी खोली मागून घेतली. वस्तीच्या तोंडाशीच ती पडून होती. कमरेपर्यंत पांढऱ्या फरश्या, मध्ये पाणी जायची मोरी, आणि उन्हाळ्यात भिंतींना अजूनही आंबूस वास. शाळा सुटल्यावर मंगळवार-गुरुवार तिथे पोरं जमू लागली. खोकी, तारा, तुटक्या छत्र्या, बाटल्यांची झाकणं, जे सापडेल ते घेऊन येत. वस्तीवरच्या बायका जाता-येता टोमणे मारत, "काय गं अरांका, काय काढतेस आत? लोणी की चीज?"

"पोरांच्या डोक्यातलं काढतेय," अरांका म्हणे. "तुझी पाठव, तिच्यातनं काही निघतंय का बघू."

या पोरांमध्ये सिदोनिया दुंकोवा, सगळ्यांची सिदा, होती. दहा वर्षांची, बारीक, बोलायला महाकंजूष. काही नीट बघायचं असलं की एक डोळा मिटायची. बाकीची पोरं घरं काढत, घोडे काढत, फुटबॉलवाले काढत. सिदा मात्र धूर कुठून कुठे जातो ते काढायची. कुत्री कुठल्या वाटेने फिरतात ते काढायची. अरांकाने एकदा तिला विचारलं, "माणसं का काढत नाहीस गं?"

"माणसं हलतात मावशी," सिदा म्हणाली. "तू बसशील का तासभर गप्प?"

ही पोर मंदबुद्धीच्या वर्गात होती. ती तिथे कशी गेली ते अरांकाला पक्कं माहीत होतं, कारण त्या दिवशी ती दाराबाहेर बाकावर बसली होती. सिदा तेव्हा सहा वर्षांची. शहरातून चाचणी घ्यायला बाई आल्या होत्या. आत मदतनीस नको, असा नियम. दार अर्धवट उघडं होतं. बाईंनी पेल्याचं चित्र दाखवून विचारलं, "यात काय आहे?" सिदा म्हणाली, "पानी." रोमा बोलीत पाण्याला पानीच म्हणतात. पण स्लोवाकीत 'पानी' म्हणजे 'बाई'. बाई हसल्या. "हो, मी बाई. पण यात काय आहे?" सिदा पुन्हा म्हणाली, "पानी." बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. सिदाला वाटलं, आपलं उत्तर चुकतंय. ती गप्प झाली, आणि पुढच्या एकाही चित्राला तिने तोंड उघडलं नाही.

अरांकाने नंतर बाईंना गाठून हे सांगितलं होतं. बाई थकलेल्या होत्या, बाहेर अजून अकरा पोरं रांगेत होती. "पुढच्या चाचणीत बघू," त्या म्हणाल्या. पुढची चाचणी झाली तोवर त्या वर्गात दोन वर्षं काढून सिदा बाकीच्यांच्या इतकी मागे पडली होती की बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या वर्षी सप्टेंबरात सिदाने दोन प्लायवूडच्या फळ्या मिळवल्या आणि गाव बांधायला घेतलं. वरच्या फळीवर चर्च, पिवळी शाळा, दुकान, आणि सगळ्यात उंचावर दह्याच्या डब्याची पाण्याची टाकी. खालच्या फळीवर वस्ती. बत्तीस घरं, काडेपेट्यांची. कुठल्या घराचं छप्पर कुठल्या बाजूला कललंय तेसुद्धा तिने सोडलं नाही. वस्तीला खरं तर एकच हातपंप होता, पण सिदाच्या गावात टाकीतून निघालेलं पाणी पेनांच्या रिकाम्या कांड्यांमधून वरच्या फळीवरून खालच्या फळीवर उतरायचं आणि बत्तीसच्या बत्तीस घरांत जायचं. सांधे तिने मेणबत्तीच्या मेणाने बुजवले होते. उतार कुठे किती ठेवायचा यात तिचा सगळा हिवाळा गेला. पाणी मध्येच अडे, मेण सुटे, ती सगळं उचकटून पुन्हा बसवी. एप्रिलमध्ये एका मंगळवारी पाणी पहिल्यांदा शेवटच्या घरापर्यंत पोचलं. कांड्यांमध्ये शाई उरली होती, त्यामुळे ते निळंशार होतं. पोरं ओरडली, नाचली. सिदा मात्र एक डोळा मिटून शेवटच्या घराकडे बघत राहिली. "थेंबथेंब येतंय," ती म्हणाली. "अजून अर्धं बोट उतार द्यायला पाहिजे."

अरांकाला राहवेना. तिने दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना दुधाच्या खोलीवर आणलं. कोवालचिकोवाबाई काही वाईट बाई नव्हत्या. चांगला कोट घातलेला असूनही त्या मोरीशेजारी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी तीनदा पाणी सोडायला लावलं.

"हे हिने एकटीने केलं?"

"एकटीने. मी फक्त किल्ली सांभाळते."

"अहो मिर्गोवाबाई, मे महिन्यात प्रेशोवला स्पर्धा आहे. विषय काय, माहितेय? 'माझं उद्याचं गाव'. जणू हिच्यासाठीच काढलाय." मग त्यांनी जरा विचार केला. "फक्त एक आहे. चार जणांचा गट लागतो, आणि नेहमीच्या वर्गातला. विशेष वर्गासाठी अर्जात रकानाच नाही. आपण चौथी अ च्या नावाने पाठवू. सिदोनियाला बरोबर नेऊ की, गटातली पाचवी म्हणून. खाली 'सहकार्य' लिहून तिचं नाव घालते मी."

अरांकाला आनंदच झाला. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी ती वस्तीभर सांगत फिरली. सिदाची आई योलाना दारात भांडी घासत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "आणि आणणार ना परत? का ठेवून घेणार?"

"कुणाला, पोरीला?"

"दोघांना. तिला आणि तिच्या गावाला."

अरांका हसली.

दोन्ही फळ्या हातगाड्यावर घालून वरच्या इमारतीत नेल्या. सिदा पहिल्यांदाच कल्पकता कक्षात शिरली. शिपायाने बूट काढायला लावले. मोज्याला भोक होतं म्हणून ती एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी राहिली. गटातली चौघं मुलं काही दुष्ट नव्हती. एक पोरगी तेवढी म्हणाली, "हिला कात्र्यांजवळ उभी करू नका हं, मोजून ठेवल्यात." त्यावर तादेआश नावाचा मुलगा तिच्यावर खेकसला, "गप गं." त्यानेच सिदाला कांड्या कशा जोडल्यास ते विचारलं. सिदाने बोलून नाही, हाताने करून दाखवलं. मेण किती तापवायचं, कधी बोट ओलं करून दाबायचं. त्याला जमलं तेव्हा ती जराशी हसली. तीन दिवस ती रोज गेली. तिसऱ्या दिवशी परत येताना ती अरांकाला म्हणाली, "मावशी, त्या यंत्रात नळ छापता येतील. खरे, फिरणारे. तू विचारशील?"

चौथ्या दिवशी अरांका तिला घेऊन वर गेली तर खालची फळी कपाटाच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली. वरच्या फळीचं पाणी आता एका तळ्यात पडत होतं. तळं छापील, निळ्या प्लास्टिकचं, त्यात तीन पिवळी बदकं.

"एक मीटर बाय एक मीटर, असा नियम आहे," चौथी अ चे ओंद्रूश सर म्हणाले. तरुण माणूस, घाईत होता. "दोन्ही फळ्या बसत नाहीत."

"मग दोन्ही थोड्या थोड्या कमी करू," अरांका म्हणाली. "ती करेल. दोन दिवसांत करेल."

"परवा निघायचंय बाई. आणि खरं सांगू का, राग मानू नका. 'उद्याचं गाव' म्हणायचं आणि त्यात त्या झोपड्या... बघणाऱ्याला काय वाटेल?"

अरांकाच्या तोंडात बरंच काही आलं. महिना मे होता. पुढचा महिना जून, हेही तिच्या डोक्यात आलं. घरी मुलगा कामाशिवाय, सून बाळंत. ती म्हणाली, "बरं, सर." सिदा कपाटाजवळ जाऊन फळीच्या मागे डोकावून बघत होती. नळांचं विचारायचं राहूनच गेलं.

प्रेशोवला शाळेची छोटी बस गेली. सिदाने मावसबहिणीचा पांढरा ब्लाउज घातला होता, बाह्या दोनदा दुमडून. सभागृहात ओळीने टेबलं, टेबलांवर गावं. कुणाच्या गावावर उडत्या मोटारी, कुणाच्या गावावर काचेचे घुमट. पण पाणी चालणारं गाव एकच. माणसं थांबत होती, वाकून बघत होती. चौघं मुलं टेबलामागे उभी होती, शाळेचे सारखे शर्ट घालून. शर्ट चारच आले होते. सिदा अरांकाबरोबर मागे, कोट टांगले होते तिथे उभी होती.

परीक्षकांत एक म्हातारे इंजिनियर होते. ते बराच वेळ थांबले. बोटाने हवेतल्या हवेत उतार मोजत राहिले.

"हा उतार कुणी काढला? छान काढलाय. पण एक सांगा, तळं भरल्यावर काय होतं? पाणी पुढे कुठे जातं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. तादेआशने मान वळवून सिदाकडे पाहिलं. परीक्षकांनीही पाहिलं. "ती मुलगी पण तुमच्यातली का? बोल गं, बाळ."

सिदाला स्लोवाकी समजत सगळं होतं, बोलायला जीभ उचलत नसे. अरांकाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "सांग गं. आपल्या बोलीत सांग, मी आहे ना."

सिदाने हळू पण स्पष्ट सांगितलं, "पुढे आम्ही राहतो. ती फळी त्यांनी काढून ठेवली."

"काय म्हणते?" परीक्षकांनी विचारलं.

टेबलाशेजारी कोवालचिकोवाबाई उभ्या होत्या. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, फक्त मानेवर लाल चट्टे उठले होते. ओंद्रूश सर छताकडे बघत होते. अकरा वर्षं अरांकाने हेच काम केलं होतं. एका तोंडातलं दुसऱ्या कानापर्यंत नेण्याचं. आणि ती म्हणाली, "ती म्हणतेय, पाणी तळ्यातच राहतं."

"अच्छा," म्हातारे म्हणाले. त्यांची जराशी निराशा झालेली दिसली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

अरांकाच्या हाताखालची पाठ सरकली. सिदा एक पाऊल बाजूला झाली होती. तेवढंच. कोटांच्या रांगेत कुणाचा तरी कोट खाली पडला होता, तो तिने उचलून खुंटीला लावला.

दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस म्हणजे उन्हाळ्यात शहरातल्या कलाशाळेत आठवडाभराची कार्यशाळा, गटातल्या चौघांना. बसमध्ये सगळ्यांना सँडविच वाटली. सिदाने आपलं उघडलं नाही, धाकट्यांसाठी ब्लाउजच्या आत ठेवून दिलं.

सोमवारी सकाळी अरांका मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "त्या कार्यशाळेला सिदा गेली पाहिजे."

"बसा आधी. मलाही वाटतं हो. पण जागा चार आहेत. मी कुणाच्या पोराला काढू? तादेआशची आई पालक समितीत आहे, दुसऱ्या मुलीचे वडील..."

"पाचवी म्हणून पाठवा. तुम्हीच पाचवी म्हणाला होता."

"तिच्या कागदावर काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. आठवडाभर परक्या शहरात, वसतिगृहात. काही झालं तर जबाबदार कोण?"

"बाई, ते गाव तिने बांधलंय."

कोवालचिकोवाबाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. पण परीक्षकांनी विचारलं तेव्हा उत्तर तुम्ही दिलंत, मी नाही."

त्या दुपारी अरांका वस्तीत गेली नाही, दुधाच्या खोलीत एकटी बसून राहिली. मग तिने स्पर्धा भरवणाऱ्यांना पत्र लिहिलं. स्वच्छ अक्षरात, चार पानी. कांड्या, मेण, बत्तीस घरं, कपाटामागची फळी. पोरीने काय सांगितलं आणि मी काय भाषांतर केलं, तेही तिने लिहिलं. 'मी खोटं बोलले' हे वाक्य तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. गटात कोण असावं हा सर्वस्वी शाळेचा विषय आहे. आपलं पत्र आम्ही माहितीसाठी शाळेकडे पाठवत आहोत.

जूनमध्ये मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बोलावलं, पण कागद पुढे सरकवला नाही. मदतनीसांच्या योजनेचा निधी कमी झाला आहे, पुढच्या वर्षी एकच जागा आहे आणि ती लहान वर्गांना लागणार, असं त्या म्हणाल्या. खरं असेलही. त्याच महिन्यात सरपंचाने दुधाच्या खोलीची किल्ली परत मागितली. हिवाळ्यात रस्त्यावर टाकायचं मीठ ठेवायला गावाला जागा हवी होती. पोरांची खोकी, तारा, अर्धवट विमानं अरांकाने पिशव्यांत भरून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन दिली. बहुतेकांनी चुलीत घातली. खालची फळी आणायला ती वरच्या इमारतीत गेली, तर शिपाई म्हणाला, "ती होय? वर्षअखेरच्या साफसफाईत गेली. मला काय माहीत, कुणाची होती?" वरची फळी मात्र काचेच्या पेटीत पायऱ्यांसमोर मांडली होती. तिच्यात पाणी नव्हतं. फरशी खराब होते म्हणून.

ऑगस्टमध्ये अरांकाला शहरात ब्रेडच्या कारखान्यात दुपारपाळी मिळाली. सिदाकडे जायचं ती रोज ठरवी आणि रोज टाळी. शेवटी सप्टेंबरात एका सकाळी ती गेली. हातात जाड कागदांचं पुडकं होतं आणि डिंकाची नवी बाटली.

सिदा दाराशी बसून बटाटे सोलत होती. पाचवीच्या विशेष वर्गात आता मुलींना आठवड्यातून सहा तास स्वयंपाक आणि शिवण होतं, बटाटे सोलण्याचा सराव घरी करायला सांगितला होता. साल इतकी पातळ आणि अखंड निघत होती की अरांका बघतच राहिली.

"शाळेला नाही गेलीस?"

"आज उशिरा आहे."

"हे तुझ्यासाठी आणलंय. माझ्याकडे ये ना रविवारी. माझ्या स्वयंपाकघरात बसू, टेबल मोठं आहे. दोघंतिघं येणार आहेत."

"रविवारी धाकट्यांना बघायचं असतं," सिदा म्हणाली. "ठेवा तिथे. तुमचा कागद चांगला आहे, धाकटी चित्रं काढतील."

ठेवा. तुमचा. आजवर या पोरीने तिला 'तू' सोडून कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. अरांका तिच्यासमोर मातीतच बसली.

"सिदा, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. घाबरले मी. माझं चुकलं."

सिदाने सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. "हो," ती म्हणाली. रागाने नाही. वर्गात हजेरी द्यावी तशी. मग आतून बाळ रडलं, तशी ती सुरी बाजूला ठेवून उठली, बाळाला कडेवर घेऊन मागच्या दाराने हातपंपाकडे निघून गेली.

योलाना बाहेर आली. तिच्या हातात तव्यावरून नुकतीच काढलेली मारिक्ली होती, जाड रोटी, कडेला करपलेली. "अशी खाली काय बसलीस गं मातीत? घे, गरम आहे."

"भूक नाही."

"भूक नाही म्हणे. कारखान्यात जाऊन साहेबीण झालीस का?"

अरांकाने मारिक्ली घेतली. अर्धी तिथेच खाल्ली, योलाना समोर उभी होती म्हणून. सिदा परत येईल म्हणून ती आणखी थोडा वेळ थांबली. पंपाच्या दांड्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मग बसची वेळ झाली. उरलेली अर्धी कागदात गुंडाळून तिने पिशवीत टाकली, आणि ओढ्यावरच्या फळकुटावरून वर रस्त्याला लागली.